मोडीत सापडलेलं १७८७ चं तांब्याचं नाणं, राजा नाही, दाढीवाला म्हातारा आहे!

गोदाकाठ_७७
नमस्कार मंडळी, भद्रकालीत काकांचं भांड्यांचं दुकान आहे, तिथे मोडीत आलेल्या तांब्यात हे निघालं. दहाच्या नाण्यापेक्षा मोठं, हातात चांगलं जड लागतं. एका बाजूला दाढीवाला म्हातारा, भोवती पानांची माळ, दुसरीकडे एकमेकांत गुंतलेली इंग्रजी अक्षरं, १७८७ आणि गोल फिरवून 'वी प्रॉमिस टू पे द बेअरर वन पेनी'. नाण्यावर 'देऊ' असं वचन कशाला? नाणं म्हणजेच पैसे ना?

पंचवटीकर
आधी एक सांगतो, चिंच-मीठ लावून घासू नका प्लीज, वरचा जुना रंग गेला की नाणं मेलं!!
हे सरकारी नाणं नाहीच, टोकन आहे. वेल्सच्या अँगलसी बेटावर पॅरिस माइन नावाची तांब्याची खाण होती, त्या कंपनीचं. म्हातारा म्हणजे तिकडचा प्राचीन ड्रुइड पुजारी. झालं असं की इंग्लंडच्या टांकसाळीने १७७५ नंतर तांब्याची नाणी पाडणंच थांबवलं होतं आणि बाजारात खोट्या नाण्यांचा सुळसुळाट, तिकडे कारखाने वाढत चाललेले, मजुरांचा पगार द्यायचा तर सुट्टे आणायचे कुठून? मग खाणवाल्यांनी स्वतःच्याच तांब्याचे पेनी पाडले. त्यांचं बघून इतर व्यापारी, दुकानदार पण सुरू झाले. कडेवर अक्षरं आहेत का बघा, टोकन कुठे वटवायचं ते तिथे लिहिलेलं असतं.

देवळाली_कॅम्प
पण असे कोणीही पैसे पाडायचे आणि सरकार गप्प?

पंचवटीकर
सरकारलाच सुट्टे पुरवता येत नव्हते ना दादा. शेवटी १७९७ ला बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनला काम दिलं, त्याने वाफेच्या यंत्रांवर एक औंसाचा पेनी आणि दोन औंसाचं दोन पेनीचं नाणं पाडलं. तरी १८११ च्या सुमारास परत टंचाई, परत टोकन, मग १८१७ च्या कायद्याने बंदी आली.
आणि ते वचन मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली नोट काढून बघा, 'मैं धारक को...' तेच वचन! फरक एवढाच की इथे रिझर्व्ह बँक बोलते, तिथे खाणवाला बोलत होता, आणि लोक त्याच्या शब्दावर भाकरी विकत घेत होते.

सिन्नरची_ताई
आमची आजी १९४३ चा भोकाचा पैसा सुतळीत ओवून ठेवायची. लढाईत तांबं वाचवायला सरकारने मधलं तांबंच काढलं होतं, तेव्हाही सुट्ट्यांची अशीच मारामार. दादा, एकदा अंजनेरीच्या नाण्यांच्या म्युझियममध्ये दाखवून या.

गोदाकाठ_७७
आत्ताच शेजारच्या सोनाराकडे वजन केलं, २७ ग्रॅम आणि वर थोडं. कडेवर भिंग लावून बघितलं तर 'लंडन', 'लिव्हरपूल' आणि 'अँगलसी' चक्क वाचता आलं! काका तांब्याच्या भावात वितळवायला देणार होते, आता त्यांनीच स्वच्छ कापडात गुंडाळून गल्ल्यात ठेवलंय. रविवारी अंजनेरीला जातो.