फर्नेसला लायटर लावायला जाऊ नका!
तुमचा फर्नेस (घर गरम करणारी गॅसची भट्टी) पेटून लगेच विझतो म्हणता, त्यावर वर कुणीतरी "पायलट (सतत जळती ठेवलेली छोटी ज्योत) विझला असेल, लायटरने पेटवा" असं सुचवलंय. कृपया नको! अमेरिकेतल्या आताच्या फर्नेसमध्ये पेटता पायलट बहुधा नसतोच. थर्मोस्टॅटने (खोलीचं तापमान सांभाळणाऱ्या यंत्राने) हाक दिली की आधी धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा फिरतो, पंखा नीट ओढतोय हे पाहणारा प्रेशर स्विच लागतो, गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक होतो आणि मगच गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्वाळ दिसली नाही, तर फर्नेसचा कंट्रोल बोर्ड काही सेकंदांत गॅस तोडतो.

तुमचा फर्नेस 'पेटतो आणि तीन-चार सेकंदांत विझतो', म्हणजे मला फ्लेम सेन्सरचाच (ज्वाळ ओळखणाऱ्या कांडीचाच) संशय. आमच्याकडे मिनेसोटात, बाहेर उणे २५ असताना, अगदी हेच झालं. वीज आणि गॅस बंद केला, एक स्क्रू काढला, ती बारीक कांडी स्टील वुलने हलकेच पुसली, परत बसवली. तरी सुरू होईना! अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं, झाकण नीट बसलं नव्हतं. झाकणामागे स्विच असतो, तो दाबला गेल्याशिवाय काहीच हलत नाही. शेजारच्या इग्नायटरला मात्र बोट लावू नका, फार ठिसूळ असतो.

तरीही विझत असेल तर सारखं रीसेट करत बसू नका. बोर्डवरचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा, अर्थ झाकणाच्या आत छापलेला असतो, तो मेकॅनिकला सांगा. आणि गॅसचा वास आला, तर दिव्याचं बटणही न दाबता सगळे बाहेर पडा, फोन बाहेरून करा.