आरसी (रिमोट कंट्रोल गाड्यांचं) रेसिंग सुरू करतोय, ऑन-रोड की ऑफ-रोड?

सिन्नर_फाटा:
नमस्कार मंडळी, मी नाशिकचा. मुलगा तेरा वर्षांचा आहे, आत्तापर्यंत दुकानातल्या साध्या रिमोटच्या दोन-तीन गाड्या झाल्या, आता वन-टेन स्केलची (खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची) नीट किट घेऊन दोघांनी बसून जोडायची आणि पुढेमागे रेसला उतरायचं असं ठरवलंय. त्याला टूरिंग कार (सपाट ट्रॅकवरची ऑन-रोड गाडी) हवीये, कार्पेटवरच्या रेस बघून वेडच लागलंय त्याला. मला बग्गी (मातीवरची ऑफ-रोड गाडी) बरी वाटते. सोसायटीत पेव्हर ब्लॉक आहेत, मागे शाळेचं मुरुमाचं मैदान, आणि रविवारी सकाळी जवळचं एक डांबरी पार्किंग मोकळं असतं पण तिथे परवानगी काढावी लागेल. मागच्या गाडीचा पुढचा आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा हात) महिन्यात तुटला आणि दुकानदाराने पार्ट मागवतो मागवतो म्हणत शेवटपर्यंत दिलाच नाही, म्हणून यावेळी आधी विचारतोय.

बेल्ट_ड्राइव्ह:
दादा, पेव्हर ब्लॉकवर टूरिंग कार काढूच नका. राइड हाइट (जमीन आणि गाडीच्या तळातलं अंतर) ५ मिमीच्या आसपास असते, एखादा ब्लॉक जरा वर आला असला तरी चेसिस आपटते. मी पुण्यात डांबरावर दोन वर्षं पळवतोय. एकदा गाडी कडेच्या बारीक खडीत गेली, घरी येऊन उघडली तर चाकांना जोर पोचवणारा बेल्ट आणि त्याच्या पुलीच्या मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढा खडा आणि बेल्टचे चार दात साफ. तेव्हापासून आधी खराटा मारतो मग गाडी खाली ठेवतो, त्यातच पाऊण तास जातो. पण तुमच्या मुलाचं मला पटतं. मागचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) अर्धा डिग्री बदलला तरी पुढच्या लॅपला हाताला कळतं, आणि लाइन एकदा चुकली की पुढची दोन वळणं बिघडतात. ही नजर ऑन-रोडनेच येते, ऑफ-रोडच्या खड्ड्यांत सगळं झाकलं जातं.

लाल_माती:
झाकलं जातं हे नाही पटलं भाऊ. आमच्याकडे रत्नागिरीत सकाळी गार असताना सेट केलेला शॉक (धक्के झेलणारा, तेल भरलेला शॉक-अब्सॉर्बर) दुपारच्या उन्हात तेल पातळ होऊन एकदम मऊ लागतो, मग जंपवरून उतरताना गाडी पोटावर बसते, म्हणजे जाड तेल भरा, पिस्टन बघा, सगळं आलंच. आणि हवेतला कंट्रोल कुठला ऑन-रोडवाला शिकवणार? गाडी हवेत असताना थ्रॉटल दिला की नाक वर येतं, ब्रेक दाबला की खाली जातं, चाकांचा फिरायचा वेग बदलला की उलटा जोर बॉडीवर येतो म्हणून. हे बोटात बसलं की जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही. जपानच्या आरसी रेसर मासामी हिरोसाकाने दोन्ही प्रकार मिळून १४ वर्ल्ड टायटल काढली, म्हणजे एक शिकलेलं दुसऱ्यात वाया जात नाही. त्रास एकच, धूळ. मुरुमात पळवली की बेअरिंगं उघडून साफ करायची, चाक बोटाने फिरवलं आणि आतून करकर आली की बदलायचं. आठ-दहा आणूनच ठेवा.

माइन_नदीकाठ:
जर्मनीत असतो. मुलगा बघतो तसल्या कार्पेटच्या रेस इथे हिवाळ्यात हॉलमध्ये होतात, बाहेर थंडी-पाऊस असतो म्हणून. रेसच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी सगळ्यांना एकाच प्रकारचे टायर वापरावे लागतात. तो हॉल हाताशी नसेल तर ती गाडी कपाटात राहते हो, म्हणून रोज पाय ठेवाल त्या जमिनीवर गाडी निवडा, म्हणजे तुमच्यासाठी मुरूम. तामियाची टीटी-०२बी बघा. टीटी-०२ टूरिंगच्याच चेसिसवरची बग्गी आहे, फोर व्हील ड्राइव्ह, बेल्ट नाही शाफ्ट (फिरता दांडा) आहे आणि गिअर झाकलेले, त्यामुळे खडा आत जायची भीती कमी. पुढे टूरिंग घेतली तर जोडणी हाताखालची असेल आणि बरेच पार्टही तेच चालतील. आर्म, सी-हब, स्टिअरिंग नकल (पुढची चाकं धरणारे आणि वळवणारे पार्ट) किटसोबतच जास्तीचे मागवा. भारतात खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० ला २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ ला ७०, एकेक पार्ट सुटा मागवत बसलात तर महाग पडेल.

बेल्ट_ड्राइव्ह:
हे बरोबर आहे, झाकलेले गिअर हा मुद्दा मी विसरलोच होतो. मोटर बसवताना पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागणारा मोठा गिअर) यांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून घट्ट करा आणि मग पट्टी ओढून काढा, मुलालाच करू द्या. आणि लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतलीत तर चार्जिंगला लावून कोणी घराबाहेर जायचं नाही, आठवडाभर पळवणार नसाल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची.

सिन्नर_फाटा:
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मुलाला हा सगळा थ्रेड वाचून दाखवला, बेल्टच्या दातांचं ऐकून तो गप्पच झाला, मग म्हणाला आधी बग्गी घेऊ पण डांबरी पार्किंगची परवानगी मी काढतो. आत्ता शेजारी बसून अर्ज लिहितोय. लाल_माती, नाशिकच्या मे महिन्यासाठी शॉकला कितीचं तेल भरून सुरुवात करू?