एलिस १११आर घेतोय: गिअरबॉक्स गेला तर पार्ट आणायचे कुठून?

नवखा_चालक:
मंडळी, सेकंडहँड लोटस एलिस ही छोटी स्पोर्ट्सकार बघून आलोय. २००५ ची १११आर, टोयोटाचं १.८ इंजिन, सहा गिअर. मालक एकच, कागद जागेवर. चालवून पाहिली तेव्हापासून झोप उडालीय, ते सोडा. घरून मात्र एकच प्रश्न येतोय: आधीच मोजक्या बनलेल्या गाड्या, त्यात २०२१ ला एलिस बनणंच बंद झालं, उद्या गिअरबॉक्स बसला तर काय करशील? माझ्याकडे उत्तर नाही. वापरलेल्यांनी सांगा, क्लच-गिअरबॉक्स कितपत दणकट आहे आणि गाडी खरी अडते कशावरून?

साडेआठहजार:
सात वर्षं झाली, माझ्याकडे हीच गाडी, हेच इंजिन. तुम्ही काळजी चुकीच्या टोकाची करताय.

२झेडझेड-जीई हे इंजिन टोयोटाने यामाहाला सोबत घेऊन बनवलं. सेलिकात तेच, कोरोला टी-स्पोर्टमध्ये तेच. सहा गिअरचा सी६४ बॉक्सही टोयोटाचाच. म्हणजे रिंग, बेअरिंग, वॉटर पंप, सिंक्रो, ऑइल सील यांसाठी लोटसकडे तोंड वेंगाडायची गरज नाही. माझा क्लच बदलताना गॅरेजवाला एका सीलसाठी कुठल्याशा पुरवठादाराची वाट बघत बसला आणि गाडी पाच आठवडे जॅकवर. शेवटी मीच जाऊन जुनं सील रॉकेलने पुसलं, तर कडेला टोयोटाचा नंबर. त्या नंबराने तिसऱ्या दिवशी सील हातात. तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत, एकाच पार्टचे दोन नंबर, लोटसचा आणि टोयोटाचा. गाडी विकली तरी वही देणार नाही.

आता टिकण्याबद्दल. इंजिन मजबूत आहे, पण एक चूक ते माफ करत नाही आणि ती मी करून बसलोय. ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये आठ हजार आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) होतो. चौथा टाकायला गेलो, हात जरा डावीकडे गेला आणि पडला दुसरा. क्लच सोडला तशी मागून अशी किंचाळी आली की काटा कुठे गेला ते बघायची हिंमत झाली नाही. गंमत म्हणजे गाडी चालूच राहिली. म्हटलं, सुटलो. पुढचं वळण संपायच्या आत ऑइलचा लाल दिवा लागला. तिथल्या तिथे इंजिन बंद केलं म्हणून बेअरिंग वाचली. उघडल्यावर ऑइल पंपातली दातेरी चकती दोन तुकड्यांत निघाली, बिस्किट मोडावं तशी. हा पंप क्रँकच्या टोकावरच बसतो, त्यामुळे इंजिन मर्यादेबाहेर फिरलं की मार आधी त्याला. दोष शंभर टक्के माझ्या हाताचा.

दुसरी गोष्ट, चिकट टायर घालून लांब वळणं मारणार असाल तर आत पडदे असलेला ऑइल चेंबर आधी बसवा. तेल एका कडेला पळतं आणि पंप हवा ओढतो.

गिअरबॉक्सचं म्हणाल तर थंड असताना घाई करू नका, एवढंच. गिअर अडखळतात म्हणून बॉक्स उतरवणारे पाहिलेत मी. इंजिन पाठीमागे, दांडा पुढे, मध्ये लांबलचक केबल. बऱ्याचदा तीच झिजलेली असते.

गाडी खरी अडते ती बॉडीवरून. पुढचं अख्खं तोंड फायबरच्या एकाच तुकड्यात आहे. कोणी कोपऱ्याला ठोकलं की निस्तरायचा अख्खा तुकडा. रेडिएटर बदलायचा तरी आधी ते उतरवा. तो तुकडा सेलिकातून मिळत नाही!

के_सीरिजवाला:
माझी १९९८ ची, रोव्हरच्या इंजिनाची. रोव्हर २००५ मध्येच बुडाली, तरी हेड गॅस्केट आणि टायमिंग बेल्ट मला आजही मिळतात. तेच इंजिन एमजीएफ आणि फ्रीलँडरमध्येही गेलंय ना.

पाना_१३:
साडेआठहजार, बाकी मान्य, पण "टोयोटाचं आहे, सगळं मिळतं" यावर जाऊन फसू नका. इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, लोटसचा स्वतःचा आहे, सेलिकाचा चालणार नाही. ड्राइव्हशाफ्टही या गाडीच्याच मापाचे, म्हणून त्यांचे रबरी बूट फाटायच्या आधी बदला. ग्रीस उडून गेलं की जॉइंट खातोच.

आणि नवखा, त्या ईसीयूचा फायदा करून घ्या. इंजिन किती वेळ कुठल्या आरपीएमला फिरलं आणि आजवरचे सगळ्यात वरचे पाच आकडे, हे तो साठवून ठेवतो. मालक काहीही सांगो, लॅपटॉप लावून ते पाच आकडे काढायला सांगा.

नवखा_चालक:
आज दुपारी मालकासमोरच काढले. चार आकडे ८,५०० च्या आसपास, एक ९,३४०. तो म्हणाला, "मला तर काही आठवत नाही."

साडेआठहजार:
हा हा, मलाही आठवत नव्हतं! ८,५०० च्या आसपासचे राहू द्या, तिथे लिमिटरच अडवतो. ९,३४० मात्र पायाने होत नाही, ते खालचा गिअर पडल्यावरच होतं. लगेच नाही म्हणू नका. ऑइल फिल्टर काढून कापा, आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उन्हात धरा. धातूची चमचम दिसली तर तिथूनच परत फिरा. स्वच्छ असेल तर नवा पंप त्याच्या खर्चाने बसवून घ्या आणि मग व्यवहाराचं बोला. फिल्टरचा फोटो इथे टाका.