सुटण्याआधीच स्टार्टिंग गेट फोडून बाहेर पडणारा घोडा: दोष कोणाचा आणि त्याला पुन्हा धावू द्यावे काय?

प्रश्नकर्ता, निपाणी

नमस्कार. आमच्या निपाणी-चिकोडी भागात यात्रेनिमित्त घोडागाडीच्या शर्यती होतात, त्यामुळे घोडा बुजणे, उधळणे किंवा निशाण पडण्याआधीच सुटणे आम्हांस नवीन नाही. मात्र नुकतीच रेसकोर्सवरील एक शर्यत पाहताना निराळाच प्रकार दिसला. शेवटचा घोडा स्टार्टिंग गेटमध्ये, म्हणजे आरंभरेषेवरील घोड्यांच्या कप्प्यांच्या रांगेत, घ्यायचा राहिला होता आणि तेवढ्यात मधल्या कप्प्यातील घोड्याने छातीने समोरची दारे ढकलून बाहेर धाव घेतली. जॉकी खाली पडला. घोड्याला बऱ्याच अंतरावर पकडून परत आणले आणि थोड्या वेळाने त्यालाच पुन्हा त्या कप्प्यात उभे करून शर्यत सोडण्यात आली.

इतकी खर्चिक दारे एका धक्क्याने उघडतात, म्हणजे यंत्रात दोष समजावा काय? अशा घोड्याला पुन्हा धावू देणे योग्य आहे काय? विचारण्याचे कारण असे की, कोणाचीही गाडी आधी सुटू नये म्हणून आरंभरेषेवर आडवा लोखंडी पाइप बसवावा, अशी सूचना आमच्या यात्रा कमिटीत पुढे आली आहे.

उत्तर: खानापूर

मी तरुणपणी रेसच्या घोड्यांच्या तबेल्यात मोतद्दार म्हणून काम केले आहे, त्या आधारावर लिहितो. दारे उघडली हा दोष नव्हे. जोराचा धक्का बसल्यास ती उघडावीत अशीच योजना असते. विजेवर चालणारे हे गेट क्ले प्युएट या अमेरिकन माजी जॉकीने तयार केले आणि 1939 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे ते प्रथम वापरात आले. प्रत्येक कप्प्याच्या तोंडाशी दोन अर्धी दारे असतात आणि विद्युतचुंबकाच्या पकडीमुळे ती मिटलेली राहतात. स्टार्टरने, म्हणजे शर्यत सोडणाऱ्या अधिकाऱ्याने, बटण दाबताच प्रवाह तुटतो, पकड जाते आणि स्प्रिंगच्या जोराने सर्व कप्प्यांची दारे एकाच क्षणी उघडतात. ही पकड मुद्दामच मर्यादित ठेवलेली असते. साडेचारशे-पाचशे किलोचा घाबरलेला घोडा पुढे झेपावला आणि दार सुटलेच नाही, तर तो सगळा आघात त्याच्या छातीवर, गुडघ्यांवर, मानेवर आणि पाठीवरच्या माणसावर येईल.

घोडा असे का करतो, हेही पाहिले पाहिजे. घोडा हा संकट आले की पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने आजूबाजूचे जवळजवळ सगळे त्याला दिसते. दिसत नाही ते नेमके कपाळासमोरचे आणि शेपटीमागचे. अशा जनावराला अरुंद कप्प्यात उभे करून मागचे दार खाडकन लावले, शेजारच्या घोड्याने लाथ झाडली, आणि जे घोडे आधी आत घेतले त्यांना सर्वांत जास्त वेळ ताटकळावे लागले, तर त्याचा धीर सुटणे स्वाभाविक आहे. जवळ उभ्या असलेल्या माणसाला हे आधी कळते: कान मागे पडतात, मान आखडते, काखेत घाम फुटतो आणि मागच्या पायांवर भार घेऊन तो किंचित खाली बसल्यासारखा होतो. त्या क्षणी लगाम ओढून धरण्यापेक्षा मानेवर हात ठेवून हळू आवाजात बोलणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. त्यामुळे आपण पाहिलेल्या प्रकारात घोड्याला दोष देणे मला पटत नाही.

उत्तर: अथणी

मी पशुवैद्य आहे. आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. असा घोडा परत आल्यावर त्याला चालवून व दुडक्या चालीने पळवून लंगडतो काय ते पाहतात, नाल ढिली झाली काय ते तपासतात, तोंड, छाती व पायांवर जखम आहे काय ते पाहतात. त्यानंतर पंच त्याला धावू देतात किंवा शर्यतीतून काढतात. अडचण अशी की उत्तेजित घोड्याची वेदना काही काळ झाकली जाते, आणि चार-पाच मिनिटांच्या तपासणीत हाडाची बारीक चीर दिसत नाही.

बार्बारो या घोड्याचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. 2006 ची केंटकी डर्बी ही अमेरिकेतील मोठी शर्यत त्याने साडेसहा लांबींनी, म्हणजे साडेसहा घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने, जिंकली होती. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 20 मे 2006 रोजी, प्रीकनेस स्टेक्स या तिथल्याच दुसऱ्या मोठ्या शर्यतीत तो सुटण्याआधीच गेट फोडून बाहेर पडला. त्याला तपासून परत गेटमध्ये घेतले गेले, आणि शर्यत सुटल्यावर थोड्याच अंतरात त्याच्या उजव्या मागच्या पायाची हाडे मोडली. शस्त्रक्रिया झाली, पायही जुळू लागला. परंतु भार पेलणाऱ्या दुसऱ्या मागच्या पायाच्या खुराला गंभीर दाह झाला आणि अखेर 29 जानेवारी 2007 रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. गेट फोडल्यामुळेच पाय मोडला असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा तसे ठामपणे कोणी म्हणू नये. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की जो घोडा जॉकीला पाडून लांबवर धावला आहे, त्याला त्या दिवशी विश्रांतीच द्यावी. मालकाचा महिन्यांचा खर्च वाया जातो हे खरे. पण शर्यत पुन्हा येते, आणि काढून घेतलेल्या घोड्यावर लावलेले पैसे सामान्यतः परतही मिळतात.

प्रश्नकर्ता, निपाणी

दोघांचेही आभार. एकदा असे केलेला घोडा पुढेही तेच करतो काय?

उत्तर: खानापूर

बाहेर पडल्यावर सुटका होते हे त्याच्या लक्षात राहते, म्हणून दुर्लक्ष केल्यास सवय लागते. त्याला शर्यत नसलेल्या दिवशी गेटजवळ नेऊन आधी दोन्ही बाजूंची दारे उघडी ठेवून नुसते चालत बाहेर काढतात, मग आत थांबवतात आणि सगळ्यांत शेवटी दारे लावतात. अनेक ठिकाणी स्टार्टरसमोर शांत उभे राहून दाखवल्याशिवाय अशा घोड्याला पुन्हा उतरवता येत नाही.

उत्तर: रायबाग

आमच्या घरी गाडीचे घोडे आहेत, म्हणून पाइपविषयी आग्रहाने सांगतो की तो बसवू नका. वर सांगितलेले गेट धक्का बसताच उघडते. जमिनीत रोवलेला पाइप उघडणार नाही. शिवाय रेसच्या घोड्यामागे गाडी नसते. आपला घोडा पाइपावर आदळला, तर मागून गाडीचा भार त्याच्या अंगावर येईल, आणि दोन्ही बाजूंना दांड्या असल्याने त्याला वळताही येणार नाही.

त्यापेक्षा फक्कीची रेषा आखा आणि प्रत्येक घोड्याजवळ त्याच्या ओळखीची दोन जाणती माणसे उभी करा. तापट घोडा सर्वांत शेवटी रेषेवर आणा, हलगी आणि लाउडस्पीकर आरंभरेषेपासून दूर ठेवा, आणि सगळे उभे राहिले की निशाण टाकण्यास उशीर करू नका. आधी सुटलेली गाडी परत आणून पशुवैद्याने घोडा आणि आपण साज तपासावा. तोच घोडा दुसऱ्यांदा सुटला तर त्याला शर्यतीतून काढावे. हा नियम शर्यतीच्या पत्रकातच छापावा, म्हणजे मैदानावर मालकाशी वाद होणार नाही.