नेने काकांच्या डेस्कटॉपला नेट (सोसायटीचा ग्रुप)

नेने काका, बी-३०२ (सायं. ६.४०): नमस्कार मंडळी. उद्या सकाळी ११ वाजता ऑडिटर सोसायटीची खाती बघणार आहेत. दरवर्षी घरी येतात, यंदा एनीडेस्कवरून, म्हणजे तिथूनच माझ्या काँप्युटरचा स्क्रीन उघडून, बघतो म्हणाले. खाती माझ्या डेस्कटॉपवर टॅलीत आहेत आणि डेस्कटॉपला नेट नाही. राउटर हॉलमध्ये, डेस्कटॉप आतल्या खोलीत, त्यात वायफाय नाही. मुलीचा जुना लॅपटॉप आहे, त्यावर वायफाय उत्तम चालतं. त्याचं नेट वायरने डेस्कटॉपला देता येतं असं ऐकून आहे. कोणी सांगेल का?

शिंदे, ए-२०३: गेटसमोर काळी अ‍ॅक्टिव्हा कोणाची आहे?

सेक्रेटरी: काका, वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे आणि नोटीस १४ पूर्ण दिवस आधी लागते. ऑडिट अडकलं की सगळंच अडकलं. ग्रुपवरच्या इंजिनिअर मंडळींनी कृपया जागे व्हावे.

तन्मय, ए-१०४: काका पेनड्राइव्हवर बॅकअप घ्या, लॅपटॉपवर टॅली टाका, झालं

नेने काका: लायसन्स याच मशिनचं आहे रे. व्हाउचर स्कॅन केलेली आहेत तीही इथेच.

तन्मय: मग मोबाईल यूएसबीने जोडा, यूएसबी टेदरिंग ऑन. अँड्रॉइड घरच्या वायफायवर असला तर तेच नेट पुढे जातं, मोबाईल डेटा खर्च होत नाही. २ मिनिटांचं काम

नेने काकू: मगाशीच केलं. यांच्या केबलने नुसतं चार्जिंग होतं. काँप्युटरला फोन लागल्याचा पत्ताच नाही.

मेघना, ए-३०१: काकू, त्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतील. स्वस्तातल्या केबलमध्ये कितीदा नसतात. आणि ऑडिटर बोलत असताना काकांना फोन हातात लागेलच. लॅपटॉपचंच करू.

कदम काका, बी-१०१: क्रॉस केबल लागेल! साधी लॅन केबल चालायची नाही. आम्ही २००२ साली ऑफिसात स्वतः क्रिम्प करायचो. एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल.

मेघना: कदम काका, तेव्हा ते अगदी बरोबर होतं. आता गिगाबिट पोर्ट आपलं आपण जुळवून घेतात, साधी केबल चालते. नेने काका, लॅपटॉपला लॅनचं पोर्ट आहे ना? हल्लीच्या पातळ लॅपटॉपना नसतं.

नेने काका: आहे. जबड्यासारखं आहे, खालचा ओठ ओढला की वायर बसते.

मेघना: तेच. आणि लॅपटॉप तिच्या ऑफिसचा नाही ना? ऑफिसच्या लॅपटॉपवर हे बहुतेक बंद केलेलं असतं. चालू असलं तरी करू नये, नोकरी तिची आहे.

नेने काका: नाही, कॉलेजचा. विंडोज १०.

मेघना: छान. लॅपटॉपवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी येईल, त्यात एनसीपीए डॉट सीपीएल टाइप करून एंटर.

नेने काका: विंडोज कॅनॉट फाइंड म्हणतोय.

तन्मय: काका डॉट म्हणजे टिंब. डी ओ टी लिहिलंत का

नेने काका: हो. आता आलं.

मेघना: वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, वर शेअरिंगचा टॅब. 'अलाऊ अदर नेटवर्क युजर्स'वाल्या ओळीला टिक, खाली होम नेटवर्किंग कनेक्शनला इथरनेट निवडा. ज्याच्याकडे नेट आहे त्याच्याच प्रॉपर्टीजमध्ये जायचं हं, इथरनेटच्या नाही. लोक इथेच उलटं करतात.

तन्मय: किंवा दोन्ही सिलेक्ट करा आणि ब्रिज कनेक्शन्स, अजून सोपं

मेघना: अरे नको! वायफायवर ब्रिज बऱ्याचदा चालत नाही. राउटरच्या लेखी त्या वायफायमागे एकच मशिन असतं, ब्रिजमधून दुसरं बोलायला लागलं की तो दाद देत नाही. शेअरिंगमध्ये लॅपटॉप स्वतःच छोटा राउटर होतो, सगळं त्याच्या नावाने जातं.

नेने काकू: यांनी तन्मयचा मेसेज आधी वाचला. आता लॅपटॉपचंही नेट गेलं.

तन्मय: सॉरी काका

सेक्रेटरी: तन्मय, तू जरा पाणी पिऊन ये.

मेघना: घाबरू नका. त्याच खिडकीत नेटवर्क ब्रिज नावाचं नवीन चित्र दिसेल, त्यावर राइट क्लिक करून डिलीट. मग मघाचं शेअरिंग.

शिंदे: अ‍ॅक्टिव्हा अजून तिथेच आहे.

नेने काका (७.३५): ब्रिज काढला. शेअरिंग केलं. इथरनेटला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता देऊ का असं विचारलं, येस म्हटलं. पोर्टशी हिरवा दिवा लागलाय, नारिंगी लुकलुकतोय. पण डेस्कटॉपवर नेट नाही.

मेघना: दिवा लागला म्हणजे वायर ठीक. आता डेस्कटॉपवर सीएमडी उघडून आयपीकॉन्फिग टाइप करा. आयपीव्ही४ समोर १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा आकडा हवा. १६९.२५४ दिसलं तर लॅपटॉपने पत्ता दिलाच नाही असं समजायचं.

नेने काका: दोन्ही नाही. १७२.१६.४०.२३ आहे.

मेघना: हे कुठून आलं?

कदम काका: व्हायरस असेल.

नेने काकू: थांबा. सीपीयूच्या डब्याला मागून एक चिठ्ठी चिकटवलीय, सेलोटेप पिवळी पडलीय. जुन्या केबलवाल्याचा मुलगा लावून गेला होता. निळ्या पेनाने हेच आकडे आहेत. खाली गेटवे, डीएनएस. त्याखाली दोन रेघा ओढून 'बदलू नये'.

मेघना: काकू, चोर सापडला! तेव्हा बरेच केबलवाले घरोघरी ठरावीक आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, हाताने टाकून जायचे. तुमचा डेस्कटॉप अजून त्याच केबलवर आहे अशा समजुतीत बसलाय, लॅपटॉपकडे पत्ता मागतच नाही. डेस्कटॉपवर तीच एनसीपीएवाली खिडकी उघडा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, यादीतल्या इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४ वर डबल क्लिक. 'ऑब्टेन ऑटोमॅटिकली' वर आणि खाली दोन्हीकडे. खालचं डीएनएसचं विसरू नका.

नेने काका: पण बदलू नये असं लिहिलंय.

मेघना: काका, ते कनेक्शन काढून किती वर्षं झाली?

नेने काकू: सहा. मी चिठ्ठीचा फोटो काढून ठेवलाय, म्हणजे यांना रात्री झोप लागेल.

नेने काका (८.०५): गुगल उघडलं!!

सेक्रेटरी: वा! मेघना, आभार.

कदम काका: अभिनंदन. क्रॉस केबल असती तर आधीच झालं असतं.

मेघना: आता नीट वाचा. मशिनला सहा वर्षांनी नेट मिळालंय, विंडोजचे अपडेट धो धो यायला लागतील. इथरनेटच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन ऑन करा, म्हणजे उद्यापुरते बरेचसे थांबतील. ऑडिट झालं की मात्र सगळे घालाच. लॅपटॉपला चार्जर लावून ठेवा, झाकण बंद करायचं नाही. तो झोपला की डेस्कटॉपचं नेट गेलं. लॅपटॉप रीस्टार्ट केलात तर शेअरिंगची टिक दिसेल पण नेट नसेल, विंडोज १० चं हे जुनं दुखणं आहे. टिक काढा, ओके, परत लावा. कायमचा इलाज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये आहे, पण आज रात्री तिथे हात नको. खरं तर पुढच्या आठवड्यात यूएसबीचं वायफाय डोंगल घ्या, मग लॅपटॉपची गरजच नाही.

नेने काका: एनीडेस्क उतरवलं. हा नंबर आला, ऑडिटरना हाच द्यायचा ना?

नेने काका: (हा मेसेज डिलीट केला आहे)

मेघना: डिलीट केलात ते बरं केलंत. नंबर फक्त ऑडिटरना, तोही फोन तुम्ही लावून. समोरून फोन आला आणि कोणी ऑडिटर म्हणून बोलायला लागलं तर अ‍ॅक्सेप्ट दाबायचं नाही.

नेने काकू (दुसऱ्या दिवशी, ११.२५): मावशींनी केर काढताना लॅपटॉपचं झाकण लावलं. ऑडिटर गायब.

तन्मय: टिक काढून लावा काकू

नेने काकू: लावली. आले परत.

नेने काका: ऑडिटर विचारताहेत, टाकी सफाईचं मे महिन्यातलं बिल कोणाकडे आहे? व्हाउचर आहे, बिल नाही.

सेक्रेटरी: बघतो.