प्राणवायू सरळ रेषेत वाढला नाही

सायनोबॅक्टेरिया, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवताना प्राणवायू सोडणारे सूक्ष्मजीव, आले आणि तेव्हापासून हवेतला प्राणवायू वाढत वाढत आजच्या 21 टक्क्यांवर पोचला, असं काही जण म्हणतात. सुरुवात सायनोबॅक्टेरियांनी केली हे मान्य, पण 'वाढत वाढत' हे मला पटत नाही. आणि त्या काळची हवा मोजायला कोण होतं, असा प्रश्न कुणी विचारला तर त्याचं उत्तर खडकांत आहे. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळच्या विटवाटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत सुमारे 280 कोटी वर्षांपूर्वीच्या नदीगाळात पायराइटचे गोल झिजलेले कण सापडतात. पायराइट म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. आजच्या नदीत ते गंजून विरघळून जाईल. तिथे मात्र ते वाहत, घासत गोल झालं तरी टिकलं, म्हणजे हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच!

दुसरा पुरावा मला त्याहून भारी वाटतो. ओझोन प्राणवायूपासूनच बनतो; तो नसताना अतिनील किरण हवेतल्या गंधकवायूंचं विघटन करतात आणि गंधकाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) एक विचित्र प्रमाण खडकात उतरतं. 2000 साली फार्कर, बाओ आणि थीमेन्स या शास्त्रज्ञांनी हे दाखवलं. साधारण 240 ते 230 कोटी वर्षांपूर्वी ही खूण नाहीशी होते, म्हणजे तेव्हा हवेत प्राणवायू साठू लागला. मात्र त्यानंतरही शंभरेक कोटी वर्षं प्राणवायू आजच्या तुलनेत फारच कमी होता. पुढे सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी तो आजच्याही वर, बहुतेक अंदाजांनुसार 30 टक्क्यांच्या आसपास गेला, आणि मग पुन्हा उतरला.