मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक: हिरे, सोने, जंगल सारे असून देश इतका गरीब का?

प्रश्न (भूगोल शिक्षिका, सांगली)

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. गेल्या आठवड्यात आफ्रिकेचा नकाशा लावून मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक दाखवत असताना अकरावीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, इथे हिरे आहेत, सोने आहे, युरेनियम आहे, दक्षिणेत घनदाट जंगल आहे, पाऊसही चांगला पडतो, मग हा देश मानवी विकास निर्देशांकाच्या तळाशी का?" नैसर्गिक संपत्तीच शाप ठरते, हे ठरावीक उत्तर मी दिले खरे, पण ते देताना माझेच समाधान झाले नाही. सुमारे ६ लाख २३ हजार चौरस किलोमीटर क्षेत्रफळ, म्हणजे महाराष्ट्राच्या दुप्पट. लोकसंख्या मात्र पन्नास-साठ लाखांच्या घरात. समुद्रकिनारा नाही आणि शेजारी सहा देश, एवढी माहिती पुस्तकांत मिळते. या देशाचा भूगोल, राजकारण आणि अर्थकारण यांचा एकमेकांशी सांधा कसा जुळतो, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १ (मालवाहतूक व्यावसायिक, नवी मुंबई)

मॅडम, कॅमेरूनमधील डुआला बंदरात मी सहा वर्षे मालवाहतुकीचे काम केले आणि त्या काळात तीन वेळा ट्रकबरोबर बांगीपर्यंत गेलो. तुमच्या विद्यार्थिनीला खनिजांच्या नकाशाआधी रस्त्यांचा नकाशा दाखवावा, असे मला वाटते. डुआलापासून राजधानी बांगी सुमारे १,४५० किलोमीटरवर आहे आणि सिमेंट, औषधे, गव्हाचे पीठ असा बहुतेक सगळा माल या एकाच रस्त्याने जातो. दुसरी वाट नदीची: बांगी ज्या उबांगी नदीच्या काठी वसले आहे ती पुढे काँगो नदीला मिळते, बार्जेस (सपाट तळाच्या मालवाहू नावा) शेजारच्या काँगो प्रजासत्ताकाच्या ब्राझाव्हिल या राजधानीपर्यंत जातात आणि तिथून रेल्वेने प्वांत-न्वार बंदर गाठता येते. मात्र कोरड्या महिन्यांत उबांगीचे पाणी इतके उतरते की वाळूचे दांडे आणि खडक उघडे पडतात आणि मोठ्या बार्जेस चालतच नाहीत.

रस्त्याची तऱ्हाही समजून घ्यावी. कच्च्या टप्प्यांवर पावसाचे अडसर असतात: पाऊस सुरू झाला की रस्त्यावर आडवा बांबू किंवा लोखंडी दांडा टाकतात आणि पाऊस थांबून माती सुकेपर्यंत जड वाहनांना सोडत नाहीत. अशाच एका अडसरापाशी मी एक अख्खा दिवस काढला आहे. शेजारी डांबरी पट्ट्यावर बायकांनी कसाव्याचे भिजवून सोललेले तुकडे वाळत घातले होते आणि त्यांचा आंबूस वास हवेत भरून राहिला होता. हे तिथले रोजचे अन्न. आपला उपासाचा साबुदाणाही याच कंदापासून होतो.

आता राजकारणाकडे येतो. सरकारच्या महसुलाचा मोठा वाटा याच रस्त्यावरील सीमाशुल्कातून येतो, त्यामुळे रस्ता अडवणारा माणूस थेट तिजोरीच अडवतो. डिसेंबर २०२० मधील निवडणुकीच्या वेळी सशस्त्र गटांच्या आघाडीने हा मार्ग बंद पाडला, तेव्हा सीमेवरील गारूआ-बुलाई येथे ट्रकांची लांबच लांब रांग लागली. फेब्रुवारी २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या पहाऱ्यात ताफे पुन्हा निघेपर्यंत बांगीतील महागाईने सामान्य माणसाचे कंबरडे मोडले होते. आमचे दोन ट्रक त्या रांगेत होते आणि त्यांत औषधे होती, हे आजही मनातून जात नाही.

उत्तर २ (इतिहासाचा अभ्यासक, पुणे)

वरील उत्तराला इतिहासाची जोड देतो. फ्रेंच वसाहतीच्या काळात या प्रदेशाचे नाव उबांगी-शारी होते, म्हणजे दोन नद्यांचीच नावे. देशाच्या मधून जाणारा पठारी उंचवटा पाण्याची वाटणी करतो: दक्षिणेचे पाणी उबांगीतून काँगोकडे जाते, तर उत्तरेचे शारीच्या खोऱ्यातून चाड सरोवराकडे. दोन वेगवेगळ्या दिशांना तोंड असलेले हे प्रदेश एका सीमारेषेत बांधले गेले, पण त्यांना जोडणारी व्यवस्था उभी राहिली नाही. फ्रान्सने प्रचंड मोठे भूभाग खासगी कंपन्यांना मक्त्याने दिले. कंपन्यांना रबर आणि हस्तिदंत हवे होते आणि त्यासाठी गावेच्या गावे वेठीला धरली गेली. १९२१ ते १९३४ या काळात ब्राझाव्हिल ते प्वांत-न्वार या काँगो-ओशन रेल्वेच्या बांधकामासाठीही इथली माणसे सक्तीने नेली गेली. अशा सक्तीविरुद्ध १९२८ मध्ये पेटलेल्या गबाया लोकांच्या उठावाचे 'कोंगो-वारा' हे नाव कुदळीच्या दांड्यावरून पडले आहे.

बार्तेलेमी बोगांडा हे या देशाचे खरे शिल्पकार. 'झो क्वे झो', म्हणजे प्रत्येक माणूस माणूसच आहे, हे त्यांचे सांगो भाषेतील वचन. एकटा उबांगी-शारी तग धरणार नाही हे ओळखून त्यांनी शेजारच्या प्रदेशांसह मोठ्या संघराज्याची कल्पना मांडली होती, आणि समुद्राचा प्रश्न ध्यानात घेतला तर तिचे मोल आज अधिकच पटते. २९ मार्च १९५९ रोजी विमान अपघातात त्यांचे निधन झाले. १३ ऑगस्ट १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तो त्यांच्याविना. त्यानंतर लष्करप्रमुख बोकासा यांनी सत्ता बळकावली आणि डिसेंबर १९७७ मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर उधळून स्वतःला सम्राट म्हणून अभिषेक करवून घेतला. १९७९ मध्ये फ्रेंच सैन्यानेच त्यांना पदच्युत केले. पुढे १९८१, २००३ आणि २०१३ मध्येही सत्ता बंदुकीच्या जोरावरच बदलली. राजधानी हाती आली की देश हाती आला असे मानले जाते, कारण बांगीबाहेर राज्ययंत्रणा फारशी पोहोचलेलीच नाही.

उत्तर ३ (हिरे व्यवसाय, मुंबई)

हिऱ्यांबद्दल थोडे लिहितो. तिथे खोल खाणी नाहीत. हिरे नदीच्या गाळात आणि जुन्या पात्रांतील खडीत विखुरलेले आहेत, मुख्यतः पश्चिमेला बेर्बेराती आणि कार्नो भागात आणि पूर्वेला ब्रियाकडे. खणणाऱ्यांना तिथे नागबाता म्हणतात. फावडे, चाळणी आणि जेवणखाण यांसाठी सावकार आगाऊ पैसे देतो आणि हिरा सापडला की त्यालाच, तो सांगेल त्या भावाने विकावा लागतो. आपल्याकडे ऊसतोड कामगाराची उचल असते, त्याच जातीचा हा फास आहे. शिवाय हिरा खिशात मावतो आणि सीमा राखायला माणसे नाहीत, त्यामुळे बराच माल कर न भरताच बाहेर पडतो.

मे २०१३ मध्ये किंबर्ली प्रक्रियेने, म्हणजे संघर्षातून येणारे हिरे रोखण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र व्यवस्थेने, इथल्या कच्च्या हिऱ्यांच्या निर्यातीला स्थगिती दिली. पश्चिमेतील काही भागांना टप्प्याटप्प्याने मोकळीक मिळाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्बंध पूर्णपणे उठले. स्थगितीच्या वर्षांत खणणे काही थांबले नाही, चोरटा व्यापार मात्र वाढला. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पाडले जातात ते सुरतेत आणि मोठा व्यापार चालतो मुंबईत. म्हणून माल कुठून आला हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावरही येते, असे मी मनापासून मानतो.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते: २०१३ नंतरच्या संघर्षाचे वर्णन बहुतेक ठिकाणी मुस्लिम सेलेका (२०१३ मध्ये सत्ता घेणारी सशस्त्र गटांची आघाडी) विरुद्ध ख्रिस्ती अँटी-बालाका (तिच्याविरुद्ध लढणाऱ्या स्थानिक सशस्त्र टोळ्या) असे केलेले आढळते. वर्गात तसेच सांगावे का?

उत्तर ४ (इतिहासाचा अभ्यासक, पुणे)

तेवढेच सांगू नये, अशी माझी विनंती आहे. सेलेकाची मुळे ईशान्येत होती. तिथले बिराओ हे शहर पावसाळ्यात बांगीपासून तुटते आणि त्या भागाचा बाजारहाट सुदान आणि चाडशी जोडलेला आहे. राजधानीने आपल्याला कधी आपले मानले नाही, ही तिथली जुनी सल आहे. दुसरीकडे, कोरड्या ऋतूत चाडकडून गुरांचे कळप दक्षिणेला उतरतात आणि वाटेतील शेतांत शिरले की शेतकरी आणि गुराखी यांच्यात तंटे होतात. पूर्वी गावातील वडीलधारी मंडळी ते बसून मिटवत असत. गुराखी आणि व्यापारी बहुतांशी मुस्लिम, शेतकरी बहुतांशी ख्रिस्ती. त्यामुळे पोटापाण्याच्या भांडणाला धर्माचा रंग चढणे सोपे गेले आणि २०१३-१४ मध्ये दोन्ही बाजूंच्या निरपराध माणसांची भयंकर हत्या झाली. तरीही बाजारात दोन्ही बाजूंची माणसे एकच सांगो भाषा बोलतात. फ्रेंचबरोबर ती देशाची अधिकृत भाषा आहे आणि जवळजवळ साऱ्या देशाला समजते. हे मुलांना जरूर सांगावे.